निळी पिशवी, समृद्धी की गवळ्याचं दूध? बेळगावात कुठलं दूध कशासाठी घ्यावं

बेळगावात दूध घ्यायच्या तीन तऱ्हा. गल्लीच्या तोंडावरचं नंदिनीचं, म्हणजे कर्नाटक दूध महासंघाचं, केंद्र, दारात कॅन घेऊन येणारा गवळी, आणि किराणा दुकानात फळीवरच असणारं, फ्रीजशिवाय टिकणारं पॅकबंद दूध. निपाणी-चिकोडीकडे यात गोकुळ आणि वारणेच्या पिशव्यांची भर पडते. तरी बहुतेक घरांत एकच दूध वर्षानुवर्षं लावलेलं असतं आणि चहापासून कुंद्यापर्यंत (बेळगावची आटवलेल्या दुधाची मिठाई) सगळं त्याच्यावरच भागवलं जातं. मग दही पातळ लागलं, खवा चिवट झाला, साय धरेना, की "पावडरीचं दूध आहे हो हे" असं म्हणून मोकळं व्हायचं. बहुतेक वेळा दुधात खोट नसते. ज्या कामाला ते घेतलं, त्या कामाचं ते नसतं.

पिशवीवर दोन आकडे असतात, फॅट आणि एसएनएफ. फॅट म्हणजे स्निग्धांश. एसएनएफ म्हणजे पाणी आणि स्निग्धांश वगळून उरलेलं सगळं: प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. डेअरीत शेतकऱ्याला दर मिळतो तो याच दोन आकड्यांवर, तेव्हा घेणाऱ्यानंही पिशवीचा रंग बघण्याआधी हेच बघावेत. टोन्ड दुधात किमान ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५ आणि ८.५, फुल क्रीममध्ये ६ आणि ९, डबल टोन्डमध्ये १.५ आणि ९. ही मापं कायद्यानं ठरलेली आहेत, पिशवी कुठल्याही संघाची असो. नंदिनीत निळी पिशवी टोन्ड, 'शुभम' स्टँडर्डाइज्ड आणि 'समृद्धी' फुल क्रीम. कानडी अक्षरं लागत नसतील तरी अडत नाही, आकडे इंग्रजीतही छापलेले असतात.

निळी पिशवी

रोजच्या वापराला हिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. चहा, कॉफी, मुलांचा पेला, कढीसाठीचं ताक, पोह्यांवर घालायचं दही, एवढ्याला ती पुरते. लिटरला स्निग्धांश साधारण ३० ग्रॅम, म्हणजे समृद्धीच्या निम्मा. प्रथिनं आणि कॅल्शियममध्ये मात्र तेवढा फरक पडत नाही, आणि हे बऱ्याच जणांना पटत नाही. दाट दूध म्हणजे जास्त ताकद, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. दाटपणा बराचसा स्निग्धांशाचा असतो. वजन, साखर किंवा कोलेस्टेरॉल सांभाळणाऱ्यांनी निळी पिशवी घेतली तर त्यांचं पोषण कमी होत नाही, उष्मांक तेवढे कमी होतात.

टोन्ड दूध कसं करतात, यावरूनही गैरसमज आहेत. जास्त फॅटच्या दुधात स्किम्ड दूध किंवा दूध पावडर आणि पाणी ठरल्या मापात मिसळून फॅट खाली आणतात आणि एसएनएफ राखतात. हे नियमात बसणारंच काम आहे, याला भेसळ म्हणत नाहीत.

साय येत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त. पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' असं छापलंय का बघा. अशा दुधात मोठ्या दाबानं स्निग्धांशाचे कण फोडून इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगत नाहीत. फॅट दुधातच असतं, फक्त वर येत नाही. दही अशा दुधाचं गुळगुळीत आणि घट्ट लागतं, पाणी कमी सुटतं. पण साय साठवून लोणी काढायचं असेल तर हे दूध घेऊ नये, आठवडाभर साठवलं तरी लोण्याचा गोळा म्हणावा असा निघत नाही.

निळी पिशवी कमी पडते ती आटवायच्या पदार्थांत. एक लिटर टोन्ड दुधाचा खवा जेमतेम १५० ते १७० ग्रॅम उतरतो, फुल क्रीमचा २०० ते २२०. पण वजनापेक्षा पोताचा फरक मोठा. फॅट कमी असल्यानं प्रथिनांचे कण एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि खवा चिवट, रबरासारखा होतो. त्याचा पेढा वळला तर कडेला भेगा पडतात. बासुंदीला रंग येतो, चव येत नाही.

समृद्धी आणि फुल क्रीम

खवा, बासुंदी, पनीर, श्रीखंडाचा चक्का, खीर, ही हिची कामं. एक लिटरचं पनीर १८० ते २०० ग्रॅम पडतं. दूध उकळून गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग २ ग्रॅम सायट्रिक ॲसिड अर्ध्या वाटी गरम पाण्यात विरघळवून थोडं थोडं घाला. हिरवट पाणी वेगळं दिसलं की थांबायचं. उरलेलं आम्ल "असू दे" म्हणून ओतलं आणि वर पुन्हा उकळी काढली, की पनीर कडक होऊन करकरतं.

येळ्ळूरच्या बासमतीची खीर करायची तर लिटरला ५० ते ६० ग्रॅम तांदूळ पुरतो. धुऊन, अर्धा तास भिजवून, हातानं जरा चुरून घ्यावा. साखर तांदूळ पूर्ण शिजल्यावरच. आधी घातली तर दाणा पुढे मऊ होत नाही.

चहाला समृद्धी वापरणं हा आमच्या मते उगाच खर्च. चहा जड होतो, वर तेलकट तवंग येतो, आणि पावडरीचा वास दबतो म्हणून आणखी पावडर घालावी लागते.

गवळ्याचं दूध

बेळगावच्या आसपासच्या गावांतून आणि खानापूर भागातून सकाळी जे म्हशीचं दूध शहरात येतं, ते चांगलं असलं तर त्याला तोड नाही. या पट्ट्यातल्या पंढरपुरी म्हशीच्या दुधाचं फॅट ७ टक्क्यांच्या आसपास जातं, पिशवीतल्या फुल क्रीमपेक्षाही वर. साय जाड, लोणी भरपूर, दही सुरीनं कापावं असं. पण 'असलं तर' हा शब्द महत्त्वाचा आहे.

पहिली गोष्ट मापाची. कॅनमधून उंचावरून माप भरलं की वर फेस येतो, आणि फेसासकट माप पातेल्यात पडतं. फेस बसू देऊन काठापर्यंत भरायला सांगावं. रोजचा गवळी असला तरी यात ओशाळण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. कच्चं दूध थंड न करता ठेवलं तर उन्हाळ्यात चार-पाच तासांत आंबायला लागतं. संध्याकाळच्या धारेचं दूध सकाळच्यात मिसळलं असेल तर वासावरून कळत नाही, तापवताना कळतं, आणि तोवर सगळं पातेलं फुटलेलं असतं. म्हणून आधी चमचाभर दूध पळीत घेऊन आचेवर धरा. उकळून एकजीव राहिलं तर सगळं तापवायला ठेवा. कण दिसले तर ते दूध पनीरला घ्या आणि दुसऱ्या दिवशी गवळ्याला सांगा.

पाण्याची परीक्षा घरीही होते. ताट तिरकं धरून त्यावर दुधाचा थेंब सोडा. निर्भेळ दूध सावकाश ओघळतं आणि मागं पांढरी रेघ ठेवतं, पाणी घातलेलं झरकन पळतं, रेघ उठत नाही. पिठाचा संशय असेल तर दूध उकळून गार करून आयोडिनचे दोन थेंब टाका, निळं झालं तर स्टार्च आहे. अर्धी वाटी दुधात तेवढंच पाणी घालून बाटलीत जोरात हलवलं आणि साबणासारखा दाट फेस टिकून राहिला तर डिटर्जंट. लॅक्टोमीटर मात्र एकटा पुरेसा नाही. पाण्यानं आकडा खाली येतो, साय काढल्यानं वर जातो, आणि दोन्ही केलं तर आकडा बरोबर दिसतो.

सुटं दूध कच्चं पिऊ नये. कोल्हापूरच्या कट्ट्यावर, म्हणजे समोर म्हैस पिळून दूध देतात तिथं, जाऊन धारोष्ण दूध प्यायची हौस निपाणी-संकेश्वरकडच्या पोरांना भारी. ब्रुसेलोसिस आणि जनावरांचा क्षय हे दोन्ही आजार कच्च्या दुधातून माणसाला होऊ शकतात, आणि म्हैस धडधाकट दिसते म्हणून ती निरोगी असतेच असं नाही. एक चांगली उकळी काढली की हा धोका जातो.

पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, म्हणजे ७२ अंशावर १५ सेकंद तापवून लगेच थंड केलेलं. ते तापवायलाच हवं असं शास्त्र सांगत नाही. पण डेअरीपासून आपल्या फ्रीजपर्यंत ते सतत थंड राहिलं, याची खात्री कोण देणार? केंद्राबाहेर क्रेटमध्ये उन्हात पडलेली पिशवी असेल तर तापवावी. एकदाच, उकळी येईपर्यंत. दिवसातून चार वेळा उकळून दूध पचायला हलकं होत नाही, काही जीवनसत्त्वं तेवढी कमी होतात.

फळीवरचं पॅकबंद दूध

नंदिनीचं 'गुडलाइफ' या जातीतलं. १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक पुडक्यात भरलेलं असल्यानं बंद असेपर्यंत फ्रीज लागत नाही आणि तापवायचीही गरज नाही. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात दिवस दिवस वीज नसते, तिथं घरात दोन-चार पुडकी असलेली बरी. प्रवासाला, हॉस्टेलवरच्या मुलांना ठीक. चवीला किंचित आटवल्यासारखं लागतं. दही सैल लागतं, पनीर भुसभुशीत होतं. उघडल्यावर मात्र ते साध्या दुधासारखंच, फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावं.

कुंदा

बेळगावात दुधाची खरी परीक्षा इथं. दुकानातला कुंदा चांगलाच मिळतो, पण घरी करायचा तर दूध समृद्धी किंवा म्हशीचं, याला पर्याय नाही.

एक लिटर दूध, २०० ग्रॅम खवा, १५० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे दही, वेलदोडा. जाड बुडाच्या कढईत दूध मध्यम आचेवर निम्मं होईपर्यंत आटवा, पाऊण तास धरून चाला. आच मंद करून घोटलेलं दही घाला. दूध बारीक फुटून रवाळ होतं, कुंद्याचा दाणा इथं तयार होतो. दह्याऐवजी लिंबू पिळलं तर दाणा एकदम मोठा आणि कडक पडतो, कुंदा कमी आणि गोड पनीर जास्त. मग खवा चुरून घाला आणि १०० ग्रॅम साखर. उरलेली ५० ग्रॅम साखर दुसऱ्या लहान भांड्यात पाणी न घालता वितळवायची. मधाच्या रंगावरून तांबूस तपकिरी झाली की आच बंद, आणि कढईतलंच थोडं मिश्रण तिच्यात घालून ढवळा. उडतं, हात लांब ठेवा. हे सगळं परत कढईत. कडा सोडू लागेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं हलवत राहा.

बिघडतं ते तीन ठिकाणी. साखर सुरुवातीलाच घातली तर दूध आटायच्या आत बूड धरतं आणि करपट वास सगळीकडे शिरतो. जाळलेली साखर काळपट होऊ दिली तर कडवटपणा कशानंही झाकला जात नाही. आणि कढईत घट्ट दिसेपर्यंत परतला तर गार झाल्यावर दगड होतो. चमच्यावरून सावकाश पडतोय तोवरच उतरवायचा.

रोजच्या कटकटी

दूध खाली लागू नये म्हणून पातेलं आधी पाण्यानं विसळून, न पुसता, त्यात दूध ओतावं आणि आच मध्यमच ठेवावी. तळाशी चिकटतात ती दुधातली प्रथिनं, आणि ती चिकटतात मोठ्या आचेवर.

दही. दूध उकळल्यावर मंद आचेवर पाच मिनिटं आणखी ठेवा, त्यानं दही घट्ट लागतं. बोट घालून कोमट लागलं, म्हणजे ४० ते ४३ अंश, की अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा विरजण घालून नीट ढवळा. एप्रिलमध्ये पाच-सहा तासांत लागतं. बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीत दहा तासही लागतात, तेव्हा भांडं टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवा. विरजण वाढवणं हा उपाय नव्हे, त्यानं दही आंबट होतं आणि पाणी सुटतं. निळ्या पिशवीचं दही घट्ट हवं असेल तर लिटरला दोन मोठे चमचे दूध पावडर कोमट दुधात विरघळवून घाला, कारण इथं उणीव फॅटपेक्षा एसएनएफची असते. दह्याला तार सुटायला लागली तर विरजणात नको ते जिवाणू शिरलेत. ते विरजण टाकून दुसऱ्या घरून आणावं.

चहा फुटतो तो आल्यामुळे किंवा गुळामुळे. कच्च्या आल्यात दूध फोडणारं एन्झाइम असतं, ते उकळीनं निकामी होतं. म्हणून आलं पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळल्यावरच दूध घालावं. गूळ थोडा आम्लधर्मी असतो. महालिंगपूरचा असो की संकेश्वरचा, चहा कपात ओतताना किंवा गॅस बंद केल्यावर घालायचा, उकळत्या दुधात नाही. हुग्गीचंही, म्हणजे गव्हाच्या खिरीचंही तेच: गहू आणि गूळ शिजवून घ्या आणि दूध ताटात वाढताना वरून घाला. पातेल्यात घालून पुन्हा उकळलं की फुटलंच समजा.

पोटात जाणाऱ्या दुधाबद्दल

म्हशीच्या १०० ग्रॅम दुधात साधारण १०७ कॅलरी, गाईच्या ७३. कॅल्शियम दोन्हींत १२० मिलिग्रॅमच्या जवळपास, प्रथिनं म्हशीच्या दुधात थोडी जास्त. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आदर्श ताटात ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आहे. म्हणजे दुधानं तिसरा हिस्सा भागतो, बाकी नाचणी, तीळ, पालेभाज्या यांतून. तूप खाऊन कॅल्शियम मिळत नाही, तुपात फॅटच असतं. पिशवीवर '+एफ'चं चिन्ह असेल तर त्यात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं आहे, मिळालं तर तेच घ्यावं.

दुधानं पोट फुगतं, ढवळतं, तर बहुधा दुधातली साखर, लॅक्टोज, पचत नाही. २०० मिलिलिटरच्या पेल्यात ती साधारण १० ग्रॅम असते. अर्धा पेला जेवणाबरोबर घेऊन बघा. दही-ताक बहुतेकांना सोसतं. गाय बदलून, 'ए-टू' म्हणून (म्हणजे वेगळ्या जातीच्या प्रथिनाचं) दुप्पट भावाचं दूध घेऊन लॅक्टोज कमी होत नाही, तेही तेवढंच असतं.

मासे खाऊन दूध प्यायलं तर अंगावर कोड येतं, असं कोकण-गोव्याच्या वाटेवर असलेल्या आपल्या भागात सर्रास ऐकू येतं. याला आधार नाही. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या गडबडीतून होणारा विकार आहे.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, आणि बालरोगतज्ज्ञ वर्षापर्यंत गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नका सांगतात. त्यात लोह फार कमी असतं. वर्षानंतरही पोर दिवसाला लिटरभर दूध पिऊन भाकरी-भाजी नाकारत असेल तर कौतुक करू नये, रक्त तपासून घ्यावं.

दूध आणि गोळ्या एकत्र घेण्याची सवयही घातक. लोहाची गोळी दुधाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची. कॅल्शियमच्या गोळीत आणि तिच्यात चार तास जाऊ द्यावेत, दुधाचा पेलाही लगेच नको. डॉक्सिसायक्लिनसारखी काही अँटिबायोटिक्स दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि कमी शोषली जातात. "पोटात आग पडते म्हणून दुधातनं घे" असा सल्ला घरातलं कोणी देत असेल, तर आधी औषधाच्या दुकानात विचारून घ्या. आणि आपल्याकडचा चहा निम्मा दुधाचाच असतो, तेव्हा हीच बंधनं चहालाही.